मनाच्या सवयींना घराने जागा द्यावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मनःस्वास्थ्य राखण्यासाठी कोणत्या सवयी लावून घ्याव्यात, हे अलीकडे बहुतेक पुरवण्यांतून वाचायला मिळते. पहाटे उठून अर्धा तास ध्यान करावे, दिवसभरातल्या चांगल्या गोष्टी वहीत लिहाव्यात, स्वतःसाठी वेळ काढावा, असा तो सल्ला असतो. तो चुकीचा नाही. पण वाचणाऱ्याला स्वतंत्र खोली आहे, तिला दार आहे आणि ते लावून बसले तर घरातले कोणी ‘आता काय झाले?’ म्हणून विचारणार नाही, हे त्यात गृहीत धरलेले असते. सोयाबीन-कापसाच्या हंगामावर चालणाऱ्या मराठवाड्यातल्या घरांत या तिन्ही गोष्टी क्वचितच जुळून येतात. म्हणून सवयी लावण्याचे ओझे एकट्या त्रासलेल्या माणसावर न टाकता घरानेच त्यांना जागा करून द्यावी, एवढे मांडण्यासाठी हे पत्र.

परभणी जिल्ह्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांवर मी औषधनिर्माण अधिकारी म्हणून नोकरी केली. ‘मन उदास आहे’ असे सांगणारे माणूस औषधाच्या खिडकीशी जवळजवळ येतच नाही. डोके जड आहे, छातीत धडधडते, अन्न गोड लागत नाही, हातपाय गळून गेलेत, अशा तक्रारी येतात. आणि तपासणीत काही सापडले नाही की आग्रह धरला जातो तो सलाईनचा. ५०० मिलिलिटरच्या त्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ आणि बाकी पाणी असते. अंगातले पाणी कमी झालेल्या रुग्णाला ते जीवदान ठरते. ज्याला गरज नाही त्याला त्यातून शक्ती मिळत नाही, सुई टोचण्याचा धोका मात्र पत्करावा लागतो. तरीही बाटली संपल्यावर बाईला खरोखरच हलके वाटलेले दिसायचे. तासभर ती पंख्याखाली आडवी पडलेली असायची, शेजारी बहीण किंवा जाऊ बसलेली असायची आणि त्या वेळात तिला पाणी आण, भाकरी टाक, असे कोणी म्हणत नसे. जी विश्रांती घरात मागितली तर आळस ठरते, ती सलाईनच्या निमित्ताने पदरात पडत होती. दुपारची भांडी झाल्यावर अर्धा तास सासूने आणि सुनेनेही काही करायचे नाही, असा दंडक घरातल्या कर्त्या माणसाने घातला, तरच ती विश्रांती आजारी न पडता मिळेल. कापूस वेचून आलेल्या बाईला चालण्याचा व्यायाम सांगणे ही तर थट्टाच आहे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करायला सुचवते, ते दुकानात, कचेरीत किंवा शिकवणीत दिवसभर बसून असणाऱ्यांनी मनावर घ्यावे.

झोपेचेही तसेच आहे. रात्री ठरावीक वेळी झोपा, असे सांगणे सोपे. पण कृषिपंपाची वीज आठवड्यातले काही दिवस रात्रीच येणार असेल, तर दारे धरायला माणसाला शेतात जावेच लागते. शेतीला दिवसा वीज मिळणे हा मनाच्या आरोग्याचाही प्रश्न आहे, हे आपल्याकडे कोणी बोलत नाही. तोवर जमेल ते करावे. झोपण्याची वेळ हातात नसली तरी उठण्याची वेळ फार हलू देऊ नये, रात्रपाळीनंतर दुपारी थोडी झोप घ्यावी आणि ती कोणी मोडू नये, दिवेलागणीनंतरचा चहा सोडावा. दारूने झोप लागते ही समजूत तर घराघरांत आहे. लागते खरी, पण उत्तररात्रीची झोप ती मोडते आणि पहाटे तीनला जागा झालेला माणूस तीच चिंता अधिक काळी करून उगाळत बसतो. अंथरुणात मोबाइलवर बाजारभावाचे संदेश पाहण्याने भाव एक रुपयाही वाढत नाही, झोप तेवढी जाते.

सगळ्यात अवघड सवय म्हणजे देण्याघेण्याविषयी घरात बोलण्याची. बँकेचे पीककर्ज किती, हातउसने कोणाकडून, सावकाराचे व्याज कोणत्या महिन्यापासून थकले, हे अनेक घरांत एकट्या पुरुषाच्या डोक्यात असते, आणि बायकोला ते कळते ते वसुलीला माणूस दारात आल्यावर. आठवडी बाजाराच्या दिवशी संध्याकाळी एका वहीत येणे आणि देणे दोघांनी मिळून लिहावे. कर्ज त्याने फिटत नाही. पण डोक्यात गरगरणारा आकडा कागदावर आला की त्याची हद्द दिसते, आणि कोणाला काय सांगायचे ते ठरवता येते. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत ज्यांच्या जमिनी खरवडून गेल्या, त्यांना ‘धीर धरा’ म्हणणाऱ्यांपेक्षा पंचनाम्याच्या कागदांसाठी तहसीलला सोबत येणाऱ्या माणसाची गरज जास्त होती. ऐकणाऱ्यानेही ‘त्यात काय एवढे, सगळ्यांचेच असे आहे’ हे वाक्य तोंडातच ठेवावे. फवारणीची औषधे घरात उघडी न ठेवता कुलपात ठेवणे आणि किल्ली दुसऱ्याकडे देणे, ही सवय मी सर्वांत वर ठेवीन, कारण जीव द्यावासा वाटण्याचा तो अतितीव्र क्षण त्यामुळे पुष्कळदा टळू शकतो. आणि कोणी जिवाला कंटाळल्याचे बोलत असेल तर ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही भीती निराधार आहे. उलट विचारल्यामुळे माणूस बोलता होतो.

लातूर-नांदेडला शिकवणीसाठी खोली करून राहणाऱ्या मुलांसाठी एकच सुचवतो. घरून दिवसाला एक फोन यावा, आणि त्यात चाचणीचे गुण विचारले जाऊ नयेत. जेवलास का, कोणाबरोबर जेवलास, एवढे पुरे. मोठ्यांना निदान हरिपाठ, भजनी मंडळ, बचत गटाची बैठक असे बसण्याचे ठिकाण असते (मी स्वतः फारसा देवभोळा नाही, पण टाळ हातात घेतलेल्या माणसाला घटकाभर स्वतःचा विसर पडतो हे पाहिले आहे). या मुलांना तेही नसते.

सवयींची मर्यादाही सांगायला हवी. दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातच रस वाटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, तर नियमित झोप आणि वहीवर विसंबून राहू नये. केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा तिचा क्रमांक विनामूल्य असून दिवसरात्र, मराठीतूनही समुपदेशन मिळते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे मानले जाते, आणि तिला उपचार व पुनर्वसन देणे हे शासनाचे कर्तव्य ठरते. त्यामुळे पोलीस केस होईल या धास्तीने दवाखाना टाळू नये.

गोळ्यांविषयी माझ्या पेशाला धरून थोडे. उदासीनतेवरच्या गोळ्यांचा गुण यायला साधारणपणे दोन ते चार आठवडे लागतात, आणि तोंड कोरडे पडणे, मळमळ असे त्रास पहिल्या आठवड्यातच जाणवतात. म्हणून गुण येण्याआधीच पुष्कळ जण त्या सोडून देतात. आणखी काही जण बरे वाटताच त्या स्वतःच्या मनाने थांबवतात. ‘या गोळ्यांची सवय लागते’ हा आक्षेप खरे तर अल्प्राझोलामसारख्या, झोपेसाठी आणि घबराटीसाठी दिल्या जाणाऱ्या गोळ्यांना लागू आहे; आणि नेमक्या त्याच शेजाऱ्याच्या डबीतून मागून घेतल्या जातात. घरातल्या एकाने रोज जेवणानंतर गोळी हातावर ठेवावी आणि पुढच्या तपासणीची तारीख कॅलेंडरवर लिहावी, ही कोणत्याही ध्यानधारणेइतकीच मोलाची सवय आहे.

आपल्याला दोन विनंत्या आहेत. आत्महत्येच्या बातम्या देताना साधन आणि पद्धत यांचे वर्णन टाळावे. भारतीय प्रेस परिषदेने २०१९ मध्ये तसे मार्गदर्शन केले आहे, परंतु जिल्हा आवृत्त्यांमध्ये ते नेहमी पाळले जात नाही. दुसरी विनंती १४४१६ या क्रमांकाची. तो वर्षातून एकदा १० ऑक्टोबरच्या, म्हणजे जागतिक मानसिक आरोग्य दिनाच्या, विशेष लेखात न छापता, मोंढ्यातल्या बाजारभावाच्या तक्त्याखाली रोज छापावा. पुरवणी न उघडणारा शेतकरीही तो तक्ता वाचल्याशिवाय वर्तमानपत्र खाली ठेवत नाही.

आपला विश्वासू,
एक सेवानिवृत्त औषधनिर्माण अधिकारी,
जिंतूर, जि. परभणी