एथिक्स कमिटीतली सामान्य नागरिकाची जागा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

इंदुरात औषधांच्या ट्रायलचा विषय निघाला की चर्चा लगेच दोन टोकांना जाते. कुणी म्हणतं गरिबांवर प्रयोग चालले आहेत, कुणी म्हणतं संशोधन थांबलं तर नवी औषधं येणार कुठून. या वादात एक प्रश्न कुणी विचारत नाही. ट्रायलला परवानगी देणाऱ्या रुग्णालयाच्या एथिक्स कमिटीत बसतं कोण? त्या कमिटीत डॉक्टर नसलेल्या, वैद्यकाशी संबंध नसलेल्या सामान्य नागरिकाची एक जागा कायद्याने राखलेली आहे. ती जागा नीट भरली जात नाही, आणि भरली तरी नीट वापरली जात नाही, असं माझं मत आहे. रामबाग, लोकमान्यनगर, सुदामानगरातल्या निवृत्त शिक्षकांनी, बँकवाल्यांनी, लेखापालांनी, गृहिणींनी तिकडे लक्ष द्यावं म्हणून हे पत्र.

या विषयात इंदूरचं नाव देशाच्या कायद्याशी जोडलेलं आहे. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयात औषधांच्या ट्रायलबद्दल जनहित याचिका दाखल करणारा स्वास्थ्य अधिकार मंच इंदूरचाच. त्या याचिकेच्या सुनावणीत केंद्र सरकारने दिलेले आकडे असे: जानेवारी 2005 ते जून 2012 या काळात नव्या रसायनांच्या (देशात पूर्वी औषध म्हणून मंजूर नसलेल्या) 475 ट्रायल झाल्या, त्यांतून 17 औषधांना विक्रीची परवानगी मिळाली. 57,303 लोकांची नोंदणी झाली. 2,644 मृत्यू झाले, त्यांतले 80 ट्रायलमुळे झाले असं ठरलं. 2,644 हा आकडा लोकांना घाबरवण्यासाठी वापरला जातो, 80 हा निर्धास्त करण्यासाठी. कॅन्सरच्या, हृदयविकाराच्या ट्रायलमध्ये रुग्ण मूळ आजारानेही दगावतात, हे खरं आहे. पण कोणता मृत्यू आजाराने आणि कोणता औषधाने, हे कुणी आणि कोणत्या कागदांवरून ठरवलं, हा प्रश्न उरतोच. त्यावर पहिलं मत देणाऱ्यांत ही कमिटी असते.

त्या खटल्याच्या काळातच, 2013 मध्ये, भरपाईचे आणि कमिट्यांच्या नोंदणीचे नियम आले. मग ‘नवीन औषधे व क्लिनिकल ट्रायल नियम, 2019’ लागू झाले. त्यांनुसार कमिटीत किमान सात जण हवेत. निम्मे तरी त्या संस्थेच्या बाहेरचे हवेत, अध्यक्ष बाहेरचाच हवा. एक कायदेतज्ज्ञ, एक स्त्री सदस्य, एक समाजशास्त्र किंवा तत्सम क्षेत्रातली व्यक्ती आणि एक सामान्य नागरिक आवश्यक. बैठकीचा कोरम पाच जणांचा, आणि सामान्य नागरिक त्या पाचांत मोडतो. तो आला नाही तर बैठकीत मंजुरी देता येत नाही. इतकं वजन या खुर्चीला आहे.

प्रत्यक्षात काय होतं? ही जागा ट्रस्टींच्या ओळखीतल्या कुणाला तरी देऊन टाकली जाते. फाइल बैठकीच्या आदल्या दिवशी हातात पडते. एका दुपारी कंपन्यांचे प्रस्ताव, एमडी-एमएसच्या विद्यार्थ्यांचे थीसिस, जुन्या ट्रायलमधले बदल, असं सगळं उरकायचं असतं. डॉक्टर मंडळी आपापसांत डोसबद्दल बोलतात, नागरिक सदस्य ऐकतो, हजेरीपत्रकावर सही करतो, चहा घेऊन घरी जातो. त्याला वाटतं, आपल्याला यातलं कळत नाही. हा समजच चुकीचा आहे. डोस बरोबर आहे की नाही हे सांगायला कमिटीत औषधशास्त्राचा जाणकार असतो. नागरिकाने रुग्णाच्या बाजूने कागद वाचायचे असतात, आणि त्याला वैद्यकाची पदवी लागत नाही.

फाइल जाड असते, पण सुरुवात प्रोटोकॉलपासून (ट्रायल कशी करायची याच्या आराखड्यापासून) करू नये. आधी रुग्णासाठीचं माहितीपत्रक वाचावं. ते पंधरा-वीस पानांचं असेल तर ओपीडीत उभा असलेला माणूस ते वाचणार नाही, हे तिथेच नोंदवावं. हे संशोधन आहे, उपचार नव्हे, हे पहिल्याच पानावर आहे का? औषध कुणाला द्यायचं आणि प्लासिबो (औषधासारखं दिसणारं, पण औषध नसलेलं) कुणाला, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरेल, डॉक्टरही निवडणार नाहीत, असं सरळ लिहिलंय का? याच आजारावर आज कोणते उपचार मिळतात आणि ट्रायलमध्ये आल्यावर त्यांतले कोणते बंद करावे लागतील, हे सांगितलंय का? मधेच सोडलं तर नेहमीच्या उपचारांवर परिणाम होणार नाही, हे वाक्य बहुतेक पत्रकांत असतं. पण सोडायचं कसं, कुणाला कळवायचं, औषध एकदम थांबवलं तर काय त्रास होईल, हे बऱ्याचदा नसतं.

मग भेटींचा तक्ता काढावा आणि कागद-पेन्सिल घेऊन बेरीज करावी. समजा 10 भेटी आहेत आणि दर भेटीला 15 मिलीलीटर रक्त घ्यायचं आहे, तर ते 150 मिलीलीटर झालं. माहितीपत्रकात मात्र ‘थोडंसं रक्त’ एवढंच असतं. बडवानी किंवा झाबुआहून येणाऱ्या माणसाचा एका भेटीत अख्खा दिवस जातो, रोजी बुडते, सोबत घरचं कुणीतरी येतं. बसभाडं किती मिळणार, सोबत्याचं मिळणार का, त्याच दिवशी रोख मिळणार की महिन्यांनी खात्यात, हे विचारणं नागरिक सदस्याचं काम. डॉक्टर हे प्रश्न मुद्दाम टाळत नाहीत, ते त्यांच्या डोळ्यांसमोर येत नाहीत.

संमतीच्या बाबतीत सर्वांत जास्त काळजी घ्यावी लागते. आपल्याकडे रुग्ण ‘डॉक्टरसाहेब सांगतात तर बरंच असेल’ म्हणून सही करतो. म्हणून कमिटीने शक्य तिथे अट घालावी: समजावून सांगणारी व्यक्ती उपचार करणाऱ्या डॉक्टरांपेक्षा वेगळी असावी, आणि तातडीचा आजार नसेल तर कागद घरी नेऊन रात्रभर विचार करायला द्यावा. रुग्णाला वाचता येत नसेल तर निष्पक्ष साक्षीदार लागतो. वॉर्डबॉय किंवा ट्रायलचाच कोऑर्डिनेटर साक्षीदार होऊ शकत नाही, कारण त्यांची नोकरी त्याच लोकांच्या हातात असते. हिंदी पत्रक असलं तरी समोरचा माणूस घरी भिली किंवा निमाडी बोलत असेल, तर सांगणाऱ्याला ती भाषा येते का, हे विचारून मिनिट्समध्ये लिहून घ्यावं. सही केलेल्या संमतीपत्राची आणि माहितीपत्रकाची प्रत रुग्णाला देणं नियमानेच बंधनकारक आहे. उद्या काही झालं तर घरच्यांकडे दाखवायला तेवढा एकच कागद असतो. वडोदऱ्याच्या वाचकांना 2009-10 चा एचपीव्ही लशीचा (गर्भाशयमुखाच्या कॅन्सरविरुद्धच्या लशीचा) प्रकल्प आठवत असेल. तो डभोई, कवांट आणि शिनोर तालुक्यांत आणि तेव्हाच्या आंध्रातल्या (आता तेलंगणातल्या) खम्मम जिल्ह्यात राबवला गेला होता. खम्मममध्ये अनेक मुलींच्या संमतीपत्रांवर पालकांच्या जागी वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या होत्या. 2013 च्या संसदीय समितीच्या अहवालात त्यावर कडक शब्दांत टीका आहे.

नव्या रसायनाच्या ट्रायलमध्ये दुर्बल गटातल्या व्यक्तींची संमती व्हिडिओवर घ्यावी लागते (एचआयव्ही आणि कुष्ठरोगाच्या औषधांसाठी फक्त आवाजाचं रेकॉर्डिंग). हेही औपचारिक होऊन बसतं. समजावणं आधी उरकतं, मग कॅमेरा सुरू होतो आणि रुग्ण ‘हो, समजलं’ एवढंच म्हणतो. अशा व्हिडिओला काही किंमत नाही. सांगणारा आणि ऐकणारा दोघांचे चेहरे दिसले पाहिजेत, रुग्णाने विचारलेला प्रश्न ऐकू आला पाहिजे, आणि त्याने स्वतःच्या शब्दांत ‘माझं काय होणार आहे’ ते सांगितलं पाहिजे. नागरिक सदस्याने अधूनमधून दोन-चार रेकॉर्डिंग कमिटीसमोर लावायला सांगावीत. गोपनीयता पाळून हे करता येतं.

आता पैशाचा भाग. इथे कमिट्या सर्वांत ढिल्या असतात आणि नुकसान सर्वांत मोठं होतं. ट्रायलमुळे मृत्यू झाला तर भरपाईचं सूत्र नियमांतच दिलेलं आहे: 8 लाख रुपये गुणिले वयाचा गुणांक गुणिले धोक्याचा गुणांक, भागिले 99.37. उत्पन्न यात कुठेच नाही, म्हणजे मजूर आणि व्यापारी सारखेच. वयाचा गुणांक कामगार भरपाई कायद्याच्या तक्त्यातून येतो: 65 किंवा त्यापुढे 99.37, पन्नाशीला 153.09, सोळा वर्षांपर्यंत 228.54. धोक्याचा गुणांक 0.5 ते 4. सहा महिन्यांपेक्षा जास्त जगण्याची शक्यता नसलेल्या रुग्णाला 0.5, पूर्ण निरोगी स्वयंसेवकाला 4. (तीस दिवसांत मृत्यूची शक्यता नव्वद टक्के किंवा अधिक असेल अशा रुग्णासाठी मात्र ठरावीक 2 लाख.) पन्नास वर्षांच्या माणसाचा हिशोब करा. गुणांक 1 धरला तर सुमारे 12 लाख 32 हजार येतात, 2 धरला तर 24 लाख 65 हजार. एका आकड्यात बारा लाखांचा फरक.

तो आकडा ठरतो नोंदणीच्या वेळी रुग्णाची प्रकृती कशी होती यावरून. ती नोंद मोघम असेल तर मृत्यूनंतर ‘रुग्ण आधीपासूनच गंभीर होता’ असं म्हणणं फार सोपं जातं. म्हणून सदस्याने मंजुरी देतानाच अट घालावी: धोक्याच्या वर्गवारीसाठी लागणारी प्रकृतीची नोंद पहिल्याच भेटीत, तारीख-सहीनिशी व्हावी. संमतीपत्रात रुग्णाचा पत्ता, व्यवसाय, वार्षिक उत्पन्न आणि वारसदाराचं नाव-पत्ता यांचे रकाने असतात. वारसदाराचा रकाना कोरा राहता कामा नये. विम्याची पॉलिसी फाइलला जोडलेली असते, तीही उघडून बघावी. मुदत ट्रायलच्या शेवटच्या भेटीपर्यंत आहे का? आपल्या रुग्णालयाचं नाव त्यात आहे का? एकूण मर्यादा सगळ्या देशातल्या केंद्रांसाठी मिळून आहे का? मुदत संपलेली पॉलिसी जोडून प्रस्ताव मंजूर होणं अजिबात अशक्य नाही, कारण ती पानं कुणी उलटतच नाही.

भरपाई फक्त औषधाच्या दुष्परिणामासाठी असते असाही गैरसमज आहे. ट्रायलसाठी केलेल्या तपासणीत इजा झाली, प्रोटोकॉल मोडल्यामुळे झाली, किंवा उपलब्ध असलेला प्रस्थापित उपचार न दिल्यामुळे आणि ट्रायलचं औषध निष्प्रभ ठरल्यामुळे झाली, तरी ती भरपाईस पात्र आहे. गंभीर घटना कळल्यावर संशोधकाला 24 तासांत कमिटीला, स्पॉन्सरला (ट्रायल करवून घेणाऱ्या कंपनीला किंवा संस्थेला) आणि केंद्रीय औषध नियंत्रकांना कळवावं लागतं. संशोधक आणि स्पॉन्सर यांचा सविस्तर अहवाल 14 दिवसांत यावा लागतो आणि भरपाईबद्दल कमिटीचं मत 30 दिवसांत. या मुदती पाळण्यासाठी बैठक महिन्यातून एकदाच असून चालत नाही. तातडीची बैठक कशी बोलवायची हे कार्यपद्धतीत लिहिलेलं हवं.

कंपन्यांच्या ट्रायलवर निदान वर केंद्रीय नियंत्रकांचा डोळा असतो. अकॅडमिक ट्रायलचं तसं नाही. मंजूर असलेलं औषध नव्या आजारासाठी, नव्या मात्रेत वापरून पाहायचं असेल आणि उद्देश विक्रीचा नसेल, तर एथिक्स कमिटीची मंजुरी पुरते. तिथे दुसरं दारच नाही. विद्यार्थ्यांच्या थीसिसमध्ये तपासण्यांचा खर्च रुग्णाच्याच माथी मारला जात नाही ना, हे बघायला फक्त हेच सात-आठ जण असतात. उपचारासाठी काढलेल्या रक्ताचे उरलेले नमुने वेगळ्या संशोधनाला वापरायचे असतील तर त्यासाठी वेगळी संमती घेतली का, हेही.

हे सगळं वाचून कुणी ट्रायलला नकार द्यावा असं मला मुळीच वाटत नाही. आज आपण घेतो ती रक्तदाबाची, मधुमेहाची औषधं कुणीतरी आधी स्वतःवर तपासू दिली म्हणूनच मिळाली. ज्यांनी ती तपासू दिली त्यांच्या बाजूने कागद वाचायला कुणीतरी असलं पाहिजे, एवढंच म्हणणं आहे. आपल्या मराठी मंडळांत सभेची मिनिट्स, हिशोब आणि घटनेची कलमं काटेकोरपणे वाचणारी माणसं भरपूर आहेत. हेच कौशल्य इथे लागतं.

इच्छुकांनी रुग्णालयाच्या किंवा मेडिकल कॉलेजच्या एथिक्स कमिटीच्या सदस्य-सचिवांच्या नावे अर्ज द्यावा, सोबत थोडक्यात माहिती जोडावी. घरचं कुणी त्या संस्थेत नोकरीला असेल किंवा औषध कंपनीशी व्यवहार असेल तर ते आधीच लिहून द्यावं. अशा प्रस्तावाच्या वेळी खोलीबाहेर जावं लागतं. निवड झाली तर प्रशिक्षण आणि कमिटीच्या कार्यपद्धतीची प्रत मागून घ्यावी, आणि फाइल बैठकीच्या किमान आठवडाभर आधी मिळाली पाहिजे हे पहिल्याच बैठकीत मिनिट्समध्ये नोंदवून घ्यावं. ट्रायल खरोखर नोंदलेली आहे का, हे क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडियाच्या संकेतस्थळावर कुणालाही फुकट बघता येतं. पहिला रुग्ण घेण्याआधीच तिथे नोंदणी व्हावी लागते, त्यामुळे दोन तारखा शेजारी ठेवून पाहाव्यात.

आपला,
एथिक्स कमिटीच्या कामाशी संबंधित एक वाचक,
इंदूर