बोट लागू नये म्हणून झोपून राहण्याची गरज नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

क्रूझच्या सहलींविषयी वृत्तपत्रांतून आणि पर्यटन पुरवण्यांतून आता नियमितपणे लिहून येते. जहाजावरचे जेवण, केबिनचे प्रकार, वाटेतली बंदरे यांची माहिती त्यात तपशिलाने असते. बोट लागण्याविषयी मात्र असलीच तर एखादी ओळ असते आणि ती बहुधा ‘सोबत गोळ्या ठेवाव्यात’ एवढे सांगून संपते. माझी नोकरीची सगळी वर्षे औषधे देण्याच्या कामात गेली, आणि या अपुऱ्या सल्ल्याचा परिणाम मी प्रवासाहून परतलेल्यांच्या तोंडून वारंवार ऐकला आहे. मळमळ सुरू झाल्यावर गोळी घेतली जाते, ती उलटीबरोबर पडते, म्हणून दुसरी घेतली जाते, आणि जहाज बंदराला लागते तेव्हा प्रवासी केबिनमध्ये गाढ झोपलेला असतो. असा माणूस पुढच्या वेळी एक तर गोळीच नाकारतो किंवा समुद्रप्रवासच टाळतो. उलटी आणि गुंगी यांपैकी एक पत्करावेच लागते, ही समजूत त्यातून पक्की होत जाते. ती चुकीची आहे, आणि तेवढ्याच एका मुद्द्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

बोट लागते ती पोट बिघडल्यामुळे नव्हे. कानाच्या आतल्या भागात तीन अर्धवर्तुळाकार नलिका आणि दोन सूक्ष्म पिशव्या असतात. डोके कोणीकडे वळले, शरीर वर उचलले गेले की खाली आले, हे मेंदूला त्यांच्याकडून कळते. बंद केबिनमध्ये बसलेल्या माणसाचे डोळे मात्र समोरची भिंत स्थिर असल्याचे सांगत राहतात, कारण भिंत आणि माणूस दोघेही जहाजाबरोबरच हलत असतात. कान आणि डोळे यांच्या या परस्परविरोधी साक्षींमधून मळमळ उद्भवते, असे बहुतेक संशोधक मानतात. आतल्या कानाची ही यंत्रणा दोन्ही बाजूंनी पूर्ण निकामी झालेल्या व्यक्तींना बोट लागत नाही, यावरून त्या यंत्रणेचे महत्त्व लक्षात यावे. सर्वाधिक त्रास होतो तो साधारण पाच सेकंदांत एकदा वर जाऊन खाली येणाऱ्या संथ हालचालीचा. मोठ्या जहाजांना पाण्याखाली स्थिरक पंख असतात आणि ते डावी-उजवीकडचे डोलणे पुष्कळ कमी करतात. पण सबंध जहाजाचे वर-खाली होणे आणि नाळ, म्हणजे जहाजाचे पुढचे टोक, उचलली जाऊन पुन्हा खाली येणे त्यांना फारसे रोखता येत नाही. म्हणूनच ‘जहाज मोठे आहे, काही होणार नाही’ हे आश्वासन अर्धेच खरे असते.

कारण असे असल्याने गुंगी न आणणारा पहिला उपाय औषधाच्या दुकानात नसून केबिनच्या आरक्षणात आहे. सी-सॉच्या मधोमध उभ्या असलेल्या मुलाला झोका जवळजवळ बसत नाही आणि टोकाच्या मुलाला तो पुरेपूर बसतो; जहाजाचेही तसेच आहे. लांबीच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यांवर हालचाल सर्वांत कमी जाणवते, तर नाळेजवळच्या आणि वरच्या मजल्यांवरच्या केबिनमध्ये ती सर्वांत जास्त जाणवते. दुर्दैवाने उंचावरच्या, टोकाच्या आणि देखाव्याच्या केबिनच अधिक आकर्षक म्हणून दाखवल्या जातात, आणि ज्याला बसमध्येसुद्धा गाडी लागते असा प्रवासी अधिक पैसे मोजून नेमकी हीच जागा घेतो. खिडकी असलेली मधली केबिन मिळाली तर उत्तमच, कारण बाहेरचे क्षितिज दिसणे ही फार मोठी सोय आहे.

क्षितिजाचा उपाय सगळ्यांनी ऐकलेला असतो, पण तो उशिरा आणि अर्धवट केला जातो. जांभया येऊ लागणे, तोंडाला पाणी सुटणे, चेहरा पांढरा पडणे, अंगाला गार घाम फुटणे ही लक्षणे उलटीच्या बऱ्याच आधी दिसतात. यातले पहिले लक्षण दिसताच मोबाइल आणि पुस्तक बाजूला ठेवून मोकळ्या डेकवर, शक्यतो जहाजाच्या मध्यभागी, प्रवासाच्या दिशेला तोंड करून उभे राहावे किंवा बसावे आणि पाणी व आकाश मिळतात त्या रेषेवर नजर ठेवावी. जवळून उसळणाऱ्या लाटांकडे पाहू नये. डोके शक्य तितके स्थिर राहील असा आधार घ्यावा, आणि श्वास संथ, एका लयीत घ्यावा. लक्ष श्वासावर ठेवल्याने मळमळ उशिरा सुरू होते, हे प्रयोगांत दिसले आहे. बाहेर जाणे शक्य नसेल तर डोळे मिटून उताणे पडावे. डोळे उघडे ठेवून केबिनमध्ये बसून राहणे हा सर्वांत वाईट पर्याय होय. जेवण थोडे आणि कमी तेलकट असावे, मद्य टाळावे, मात्र पोट अगदी रिकामेही ठेवू नये.

आता गुंगीविषयी, कारण इथेच गैरसमज सर्वांत जास्त आहेत. पहिली गोष्ट म्हणजे सगळी झोप गोळीची नसते. सतत हलणाऱ्या वातावरणात काही माणसांना मळमळ न होताही पेंग येते, कशात मन लागत नाही, उठावेसे वाटत नाही. ग्रेबिएल आणि नेप्टन या संशोधकांनी १९७६ मध्ये या अवस्थेचे वेगळे वर्णन करून तिला सोपाइट सिंड्रोम असे नाव दिले. बोट लागण्यावरच्या जुन्या अॅलर्जीविरोधी औषधांचा आढावा वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०२२ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात औषध घेतलेल्यांपैकी सुमारे ६६ टक्के लोकांना सुस्ती आली, परंतु औषध नसलेली, केवळ दिसायला तशी गोळी घेतलेल्यांपैकीही सुमारे ४४ टक्के लोकांना ती आली. या पुराव्याची खात्री कमी असल्याचे आढावा घेणाऱ्यांनीच म्हटले आहे, तरी गोळीवर फोडले जाणारे सगळे खापर तिचे नसते, एवढे त्यावरून म्हणता येते. ज्याला आधीच प्रवासात पेंग येते त्याने गोळी वाढवण्यापूर्वी डेकवरची मोकळी हवा आणि आदल्या रात्रीची पुरेशी झोप यांचा विचार करावा.

दुसरी गोष्ट अशी की गुंगी आणि गुण ही दोन्ही या औषधांची एकाच ठिकाणी होणारी कामे आहेत. डायमेनहायड्रिनेट हे या गटातले जुने औषध घ्या. १९४७ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात अंगावरच्या पित्तासाठी ते घेणाऱ्या एका स्त्रीला ट्राममध्ये नेहमी होणारा त्रास थांबल्याचे आढळले, आणि त्यानंतर ते सैनिकांच्या जहाजावर तपासले गेले. त्याच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग डायफेनहायड्रामिन असतो, आणि तेच रसायन कित्येक देशांत झोपेची गोळी म्हणून विकले जाते. हे औषध मेंदूत पोहोचते म्हणून मळमळ थांबते आणि मेंदूत पोहोचते म्हणूनच झोप येते. हे न कळल्यामुळे कित्येक जण चतुराईने ‘झोप न आणणारी’ म्हणून सेटिरिझिन किंवा फेक्सोफेनाडिन नेतात. अॅलर्जीवरची ही नवी औषधे मेंदूत फारशी शिरत नाहीत, आणि म्हणून बोट लागण्यावर त्यांचा उपयोग होत नाही. उलटीवर रुग्णालयात सर्रास दिले जाणारे ओन्डान्सेट्रॉनही प्रवासाच्या मळमळीपुढे कुचकामी ठरते. ‘झोप येत नाही’ या एका निकषावर गोळी निवडणाऱ्याच्या हाती अनेकदा निरुपयोगी गोळी येते.

मग गुंगी कमी कशी ठेवायची? याच गटात फरक आहेत आणि ते विचारून घ्यावेत. प्रोमेथाझिनने सर्वांत जास्त झोप येते. रात्रीच्या वादळी प्रवासात ते चालेल, दिवसा फिरायचे असेल तर नको. मेक्लिझिन आणि सिनारिझिन अनेकांना त्या मानाने सौम्य जातात. मेक्लिझिन प्रवासाच्या सुमारे तासभर आधी आणि सिनारिझिन सुमारे दोन तास आधी घेतात. वेळेचे महत्त्व मात्रेइतकेच आहे, कारण मळमळ सुरू झाली की जठराचे काम मंदावते, गोळी तिथेच पडून राहते आणि माणूस गुण येत नाही म्हणून आणखी एक गिळतो; पुढे दोन्हींची गुंगी एकदम चढते. मेक्लिझिनचा परिणाम दिवसभर टिकत असल्याने ते आदल्या रात्री झोपताना घ्यावे का, हे डॉक्टरांना विचारावे, म्हणजे झोपेचा बराचसा भाग अंथरुणातच निघून जातो. माझा सर्वांत आग्रहाचा सल्ला मात्र असा आहे की ठरवलेली गोळी सहलीच्या आधी एखाद्या सुट्टीच्या दिवशी घरी घेऊन पाहावी. एकाच गोळीने एकाला काही होत नाही आणि दुसरा दुपारभर झोपतो. आपण कोणत्या प्रकारात मोडतो हे भर समुद्रात कळण्यापेक्षा घरी कळलेले बरे. त्या दिवशी वाहन चालवू नये, मद्य घेऊ नये आणि सर्दीची किंवा झोपेची दुसरी गोळी सोबत घेऊ नये.

लांबच्या प्रवासासाठी स्कोपोलामाइनचा पॅच पुष्कळांना सोयीचा ठरतो. कानामागच्या केस नसलेल्या कोरड्या त्वचेवर तो प्रवासाच्या किमान चार तास आधी चिकटवतात आणि त्यातून तीन दिवस औषध थोडे थोडे शरीरात जाते. सुस्ती त्यानेही येऊ शकते, पण चाचण्यांत ती सहापैकी एकाहून कमी लोकांना आली. तोंडाला कोरड मात्र सुमारे दोन तृतीयांश लोकांना पडली. लावल्यावर आणि काढल्यावर हात साबणाने धुवावेत, कारण औषध लागलेले बोट डोळ्याला लागले तर बाहुली मोठी होऊन नजर अंधुक होते आणि प्रवासी उगाच घाबरतो. पॅच कापून वापरू नये, एका वेळी दोन लावू नयेत, मुलांना लावू नये. ज्यांना काचबिंदूचा, विशेषतः अरुंद कोनाच्या काचबिंदूचा, त्रास आहे किंवा प्रोस्टेटमुळे लघवीला अडथळा होतो, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो लावूच नये. वयस्कर व्यक्तींना त्याने भ्रम होऊ शकतो. आजी-आजोबा जहाजावर एकाएकी असंबद्ध बोलू लागले तर आधी कानामागे पाहावे.

आल्याविषयी आणि मनगटावर दाब देणाऱ्या पट्ट्यांविषयी लोक फार विचारतात. सुमारे एक ग्रॅम सुंठ घेतलेल्या डॅनिश नौदलाच्या प्रशिक्षणार्थींना उलट्या कमी झाल्या, असे १९८८ च्या एका चाचणीत आढळले. इतर चाचण्यांचे निष्कर्ष संमिश्र आहेत. आल्याने गुंगी येत नाही, म्हणून सौम्य त्रास असणाऱ्याने ते जरूर करून पाहावे; रक्त पातळ ठेवणारी औषधे चालू असतील तर मात्र विचारून. पट्ट्यांचा पुरावा याहून दुबळा आहे, त्यांनी अपाय काही नाही.

आणखी एक दिलासा कोणी सांगत नाही. बहुसंख्य प्रवाशांचे शरीर दोन-तीन दिवसांत समुद्राला सरावते. म्हणून सबंध सहलभर गोळ्या घेत राहण्याचे कारण नसते; समुद्र शांत असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने त्या थांबवून पाहाव्यात. गर्भवती स्त्रिया, अर्धशिशीचे रुग्ण आणि साधारण दोन ते बारा वर्षांची मुले यांना त्रास अधिक होतो, आणि त्यांच्यासाठी औषध निवडताना स्वतःचा अंदाज चालवू नये. मधुमेहाची इंजेक्शने किंवा गोळ्या घेणाऱ्याला उलट्या सुरू झाल्या आणि अन्न पोटात टिकेना, तर साखर धोकादायक रीतीने उतरू शकते. अशा वेळी जहाजावरच्या डॉक्टरांकडे लगेच जावे.

सहलींचे आरक्षण करणाऱ्यांना माझी विनंती आहे की केबिन दाखवताना ‘तुम्हाला गाडी लागते का’ हा प्रश्न त्यांनी विचारावा आणि उत्तर होकारार्थी असेल तर मधल्या, खालच्या केबिन आधी दाखवाव्यात. माझ्या व्यवसायबंधूंनी गोळ्यांची पट्टी हातात देण्यापूर्वी काचबिंदू, लघवीचा अडथळा, गर्भारपण आणि चालू असलेली औषधे यांची चौकशी करावी. आपणही पर्यटन पुरवणीत पुढच्या वेळी क्रूझविषयी मजकूर द्याल तेव्हा औषध आधी घेण्याची आणि घरी तपासून पाहण्याची सूचना त्यात अवश्य द्यावी. आपले बरेच वाचक वयस्कर आहेत, आणि अशा सहलींना जाणाऱ्यांतही वयस्करांचे प्रमाण मोठे असते.

आपली विश्वासू,
एक निवृत्त औषधनिर्माती