पहिल्या सभेला जाण्यापूर्वी

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास की दारू सुटावी असे मनापासून वाटते, पण दारू सोडणाऱ्यांच्या सभेत चार अनोळखी माणसांसमोर तोंड उघडण्यापेक्षा मेलेले बरे. अकरा वर्षांपूर्वी हेच वाक्य मी तुझ्या आईला ऐकवले होते, त्यामुळे त्या रात्री मला झोप लागली नाही. समोर बसून हे बोलणे मला जमले नसते, म्हणून लिहितो आहे.

त्या वर्षी पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे शेकायचे सोडून मी गोठ्यात पिऊन पडलो होतो, आणि ते काम तू, चौदा वर्षांच्या पोराने, एकट्याने केलेस. त्याबद्दल तू मला कधी काही विचारले नाहीस. मीही बोललो नाही. आपल्या वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून दारूबंदी आहे, तरी मला पाहिजे तेव्हा ती मिळत होती. शपथाही मी पुष्कळ घेतल्या, देवापुढे, तुझ्या आजीच्या पायावर हात ठेवून. आठवडाभर टिकली तर खूप झाले.

तालुक्याच्या गावी एका शाळेच्या खोलीत ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ची, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांनीच चालवलेल्या समूहाची, सभा भरते, असे दवाखान्यात कळले. गेलो. सात-आठ माणसे बसली होती. त्यांची नावे मी तुला सांगणार नाही, कारण तिथले बोलणे आणि तिथली ओळख तिथेच ठेवायची असते, आणि त्या भरवशावरच माणूस बोलतो. मला कोणी जात विचारली नाही, शेती किती ते विचारले नाही, उद्यापासून सोडणार का असेही विचारले नाही. दारू थांबवण्याची इच्छा, एवढीच तिथे येण्याची अट आहे. फी नाही, शेवटी एक डबा फिरतो, त्यात जमेल तो टाकतो. स्वच्छ सदरा घातलेला एक गृहस्थ उठला आणि बायकोच्या माहेरची पितळेची पाण्याची गुंडे आपण कशी विकली, ते सांगू लागला. बाळा, तुझ्या आईची गुंडे मीही विकली होती, आणि हे जगात फक्त मलाच ठाऊक आहे असे मी समजत होतो. त्या दिवशी मी एक शब्द बोललो नाही. “मी आज फक्त ऐकतो” म्हटले तरी चालते.

सभा संपेपर्यंत शेवटची एस.टी. निघून गेली होती. त्यांच्यातल्याच एकाने मला मोटारसायकलवर गावापर्यंत सोडले, आणि पुढे तोच माझा स्पॉन्सर झाला, म्हणजे प्यावेसे वाटले की रात्री-बेरात्री ज्याला फोन करावा असा जुना सभासद. ही चळवळ सुरू झाली तीही अशीच. १९३५ साली अमेरिकेत अ‍ॅक्रन गावी परगावाहून आलेल्या एका शेअर-दलालाला पिण्याची अनावर ओढ लागली, तेव्हा त्याने बोलायला दुसरा पिणारा माणूस शोधला; तो निघाला शल्यचिकित्सक. दारूपासून दूर राहण्यासाठी तिथे ज्या बारा पायऱ्या सांगतात, त्यांत ईश्वराचा उल्लेख येतो, पण तो ज्याला जसा समजेल तसा. आपल्या गावच्या सामुदायिक प्रार्थनेत बसलेल्या माणसाला हे परके वाटू नये.

आता एक गोष्ट नीट ऐक. तू रोज पितोस, म्हणून एकाएकी बंद करू नकोस. रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक थांबवले तर पहिल्या दोन-तीन दिवसांत हात थरथरणे, घाम, भास, फिट येणे असे होऊ शकते, आणि ते जिवावर बेतते. आधी सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात डॉक्टरांना दाखव आणि किती पितोस ते खरे सांग. सभा औषधाची जागा घेत नाही. औषधाने शरीर सावरल्यावर रोजची संध्याकाळ कशी काढायची, हे सभेत कळते.

नागपुरात समूह आहेत. पत्ता आणि वार त्याच रुग्णालयात किंवा व्यसनमुक्ती केंद्रात विचार. १४४४६ या व्यसनमुक्तीच्या सरकारी क्रमांकावर फोन केलास तरी मार्ग सांगतील. ‘खुली’ सभा कोणालाही चालते, ‘बंद’ सभा फक्त आपल्यासारख्यांची. पहिल्या समूहात मन रमले नाही तर दुसऱ्यात जा, पण एका सभेवरून ठरवू नकोस. मला तिसऱ्या सभेपर्यंत पळून जावेसे वाटत होते. सूनबाईलाही सांग की घरच्यांसाठी ‘अल-अनॉन’च्या वेगळ्या सभा असतात; तुझी आई उशिरा गेली, आणि आधी का गेले नाही म्हणून आजही हळहळते.

कापसाचा पहिला वेचा आटोपला आहे. शनिवारी सकाळच्या गाडीने मी नागपूरला येतो. आधी दोघे मिळून डॉक्टरांकडे जाऊ, संध्याकाळी सभेला. तू दाराजवळच्या खुर्चीवर बस, मी शेजारी बसेन. त्या पोळ्याची गोष्ट मी तिथे तुझ्यासमोर सांगणार आहे. तू नुसते ऐकलेस तरी पुरे.

तुझे
बाबा