उलांडी आणि तीन बुडांची बोट

दादर, मुंबई
रविवार, रात्रीचे साडेअकरा

प्रिय विन्या,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. "ती तीन पायांची बोट काय भानगड आहे आणि तू तिच्यात जीव द्यायला कशाला गेलेलास" एवढं विचारून पुढची दोन मिनिटं तू गणपतीच्या तिकिटांवर बोललायस. फोनवर सांगायला घेतलं की तू मधेच "थांब रे, कोणतरी आलाय" करतोस, म्हणून शेवटी पत्रच लिहायला घेतलं. इथे पाऊस असा कोसळतोय की हिंदमाताला आत्तापर्यंत नक्की तुंबलं असणार. तुझी होडी ३१ जुलैपर्यंत बंदीमुळे किनाऱ्यावर, आमच्या कुलाब्याच्या बोटी पण ताडपत्रीखाली, दोघंही सध्या रिकामटेकडे. वाच निवांत.

तुझ्या आजोबांची उलांडीची होडी आठवते ना? एका बाजूला दोन काठ्या बाहेर काढलेल्या आणि त्यांच्या टोकाला पाण्यावर तरंगणारं ते लाकूड. सातवीत असताना आपण दोघं त्या लाकडावर जाऊन बसलो म्हणून आजोबांनी काय शिव्या घातलेल्या! तर तशी उलांडी दोन्ही बाजूंना लाव, लाकडाच्या जागी पोकळ टोकदार फ्लोट घे, काठ्यांच्या जागी मजबूत कमानी, आणि मधल्या होडीवर तिच्या मानाने चांगली उंच डोलकाठी चढव. झाली ट्रायमरान. फ्रेंच लोकांच्या रेसमधल्या सगळ्यात मोठ्या, ज्यांना अल्टिम म्हणतात, त्या ३२ मीटर लांब आणि २३ मीटर रुंद असतात. रुंदी २३ मीटर बरं का, म्हणजे बेस्टच्या दोन बसगाड्या एकामागे एक लावल्या तर साधारण तेवढं होईल, आणि असली बोट ते एकटा माणूस देऊन अटलांटिकपार पाठवतात.

आता ती एवढी का पळते, तर आमच्या रविवारच्या बोटीच्या पोटाखाली शिशाचं वजन असतं, वारं जोरात आलं की बोट कलते आणि ते शिसं तिला परत उभं करतं. ट्रायमरानमधे शिसं नाहीच, तिला उभं ठेवते ती तिची रुंदी. हलकी आणि वर शीड मोठं, मग काय. शिवाय तिला वारं स्वतःचं स्वतः बनवायची सवय. हे मला आधी कळायचं नाही, मग एकदा विरार फास्टच्या दारात उभं असताना कळलं. बाहेर वारं कुठूनही असू दे, गाडीने वेग घेतला की ते समोरूनच तोंडावर येतं ना, तसंच. वारं बाजूने येत असलं तरी बोट पळायला लागली की ते पुढे सरकतं, वाढतं, त्या वाढलेल्या वाऱ्यावर ती अजून पळते, की ते अजून वाढतं. २००९ मधे बांक पॉप्युलेर नावाच्या ट्रायमरानने २४ तासांत ९०८ सागरी मैल कापले. मी उगाच हिशोब करत बसलो, त्या वेगाने मुंबई ते गोवा सहा-साडेसहा तास. कोकणकन्या बघ आणि रड.

बरं, माझी गोष्ट. आमच्या क्लबात पूर्वी एक ऑस्ट्रेलियन यायचा, त्याने थायलंडमधल्या फुकेतला अठ्ठावीस फुटी ट्रायमरान घेतलीय, घडी घालायची, म्हणजे फ्लोट आत दुमडून आख्खी बोट ट्रेलरवर चढते. ही युक्ती इयन फॅरियर नावाच्या न्यूझीलंडच्या माणसाची, काय डोकं असेल बघ. ती बोट फुकेतहून मलेशियातल्या लंगकावीला न्यायची होती, सव्वाशे मैल, तिसरा माणूस हवा होता, त्याने मला विचारलं. फेब्रुवारी होता, तिकडे तेव्हा ईशान्येचं वारं जमिनीवरून येतं, आपल्या पहाटेच्या मतलईसारखं पण दिवसभर टिकणारं, आणि जमिनीवरून येतं म्हणून समुद्र सपाट. ऑफिसला काय सांगितलं ते पत्रात लिहीत नाही.

पहिला अपमान धक्क्यावरच. त्याने सामान तोलायचा काटा काढला आणि प्रत्येकाची बॅग लटकवून बघितली. माझ्या बॅगेत मनीषाने दिलेले बेसनाचे लाडू, दीड किलो. तो म्हणाला एकतर लाडू नाहीतर दुसरी जीन्स. लाडू ठेवले. पण त्याचं बरोबर होतं, फ्रीज, जनरेटर, पाण्याचे कॅन भरभरून असल्या बोटीवर संसार थाटला की ती पळायची बंद होते आणि वर कमानींवर जास्तीचा ताण. क्रूझिंग करायचं तर अर्धा संसार घरी ठेवून यायचं. मनीषाला अजून हे सांगितलेलं नाही, तिला केबिनमधे मिक्सर हवाय.

पण निघालो आणि विन्या, काय सांगू. वारं सोळा-सतरा नॉट, म्हणजे ताशी तेवढे सागरी मैल, डाव्या बाजूने आडवं, आणि बोट चौदावर, मधेच पंधरा-सोळा. आमची क्लबची बोट सहावर गेली की आम्ही एकमेकांना टाळ्या देतो. आणि कलत नाही रे! प्लास्टिकच्या मगात चहा, मग माझ्या गुडघ्याशी ठेवलेला, थेंब सांडला नाही. उजवा फ्लोट पाण्यात घुसून पाणी फाडत चाललाय, डावा हवेत अलगद उचललेला, मधे ताणलेल्या जाळीवर मी पालथा पडून खालून पळणारं पाणी बघतोय. आवाज फक्त एक बारीक गुणगुण, ती वेग वाढला की वर चढते, वडाप सुसाट निघाली की इंजिनाचा सूर चढतो ना तशी.

आणि गोची इथेच आहे. आमची शिशाची बोट जास्त वाऱ्यात आडवी होते, भांडी खडखडतात, पाय घसरतो, ती ओरडून सांगते बाबा शीड कमी कर. ही काही सांगत नाही. कलत नसल्यामुळे वारं सांडत नाही, सगळा जोर दोऱ्यांत आणि डोलकाठीत साठत जातो, आणि तुला वाटतं वा काय मस्त चाललंय. वारं दुप्पट झालं की जोर चौपट होतो, हे पुस्तकात वाचलेलं, पण अंगावर घेतलं त्या रात्री.

सूर्य बुडताना तो म्हणाला एक रीफ घेऊ, म्हणजे शीड थोडं उतरवून लहान करू. वारं तेव्हा जेमतेम पंधरा. मी आपला शहाणा, म्हटलं आत्ताच कशाला, छान चाललीय की. तो काही बोलला नाही, जाऊन हॅलयार्ड, म्हणजे शीड वर चढवायची दोरी, सोडायला लागला, मग मलाही उठावं लागलं. मनातून चिडलो होतो, खरं सांगतो, वेग अकरावर आला आणि मला वाटलं हा म्हातारा झाला. साडेनऊ-दहाच्या सुमारास दोन बेटांच्या फटीतून झोत आला, काट्यावर सव्वीस. हिशोब कर, पंधराच्या जवळजवळ तिप्पट जोर. बोट अशी सुटली की माझं डोकं मागे गेलं, पुढचं टोक पाण्यात दबायला लागलं, तो सुकाणूवर, आणि मेनशीट, म्हणजे मोठं शीड ताणून धरणारी दोरी, माझ्या हातात, क्लीटच्या पकडीत अडकवलेली नाही, हातात, कारण रात्री ती हातातच ठेवायची असा त्याचा नियम. सोडली. टोक वर आलं. चारेक सेकंदांचा खेळ असेल. पूर्ण शीड असतं तर आज हे पत्र तुला कोण लिहितं. अण्णा म्हणायचे ना, वारो काय सांगान येता? तेच डोक्यात घुमत होतं.

पण खरा घोळ नंतरच निघाला. झोत गेला तरी उजवी बाजू जड वाटत होती, फ्लोट लाटेतून उठताना आळसावल्यासारखा. दोरी कमरेला अडकवून मी जाळीवरून रांगत गेलो, डोक्यावरच्या टॉर्चने बघतो तर फ्लोटवरच्या झाकणाची एक खिट्टी अर्धीच फिरवलेली. सकाळी तिथे दोऱ्या ठेवल्या होत्या. कोणी ते विचारू नकोस. हातपंपाने बाहेर काढलेलं पाणी बादल्यांनी मोजलं, सात बादल्या. हलक्या बोटीच्या एका टोकाला सात बादल्या पाणी, आणि आम्ही संध्याकाळभर वेगावर खूश. लाडूंसाठी भांडणाऱ्या माणसाने ते मोजताना एक शब्द काढला नाही, हे त्यातल्या त्यात.

तू विचारलंस उलटली तर काय. खरं उत्तर, उलटली की उलटी राहते. शिशाची बोट परत उठेल, ही नाही. पण बुडतही नाही, म्हणून मोठ्या बोटींच्या मधल्या होडीला उलटल्यावर बाहेर यायचं भोक आधीच ठेवलेलं असतं. १९८९ मधे न्यूझीलंडजवळ रोझ-नोएल नावाची ट्रायमरान उलटली, चार माणसं तिच्यावर ११९ दिवस तरंगली, पावसाचं पाणी धरलं, मासे मारले, आणि जमिनीला लागल्यावर लोकांचा विश्वासच बसेना, कारण ते फार ठणठणीत दिसत होते. आणि फिल वेल्ड नावाचा अमेरिकन, १९७६ मधे उलटला, चारेक दिवस उपड्या बोटीत काढले, एका मालवाहू जहाजाने उचललं. घरी बसला? छे. १९८० मधे, वयाच्या ६५ व्या वर्षी, मॉक्सी नावाच्या दुसऱ्या ट्रायमरानवरून एकट्याने अटलांटिक पार करायची रेस जिंकली, १७ दिवस २३ तासांत. आपले अण्णा त्या वयात बँकेत पासबुक भरायला जायलाही कुरकुर करत होते (त्यांना हे वाचून दाखवू नकोस).

रेसबद्दल मात्र ऐकच, तुला आवडेल. फ्रान्समधल्या सां-मालोहून कॅरिबियनमधल्या ग्वादलूप बेटाला एकट्याने जायची रूट द्यु ऱ्हम, दर चार वर्षांनी. १९७८ च्या पहिल्याच रेसमधे माइक बर्चची छोटी पिवळी ट्रायमरान एका मोठ्या साध्या बोटीच्या ९८ सेकंद आधी पोचली. आख्खा अटलांटिक, आणि ९८ सेकंद! मग २०१८. फ्रांस्वा गाबार पुढे, तोच ज्याने आदल्या वर्षी एकट्याने ४२ दिवसांत जगाला फेरी मारली होती. पण त्याचा एक फॉइल (बोटीला पाण्यावर उचलणारा पाण्यातला पंख) आणि एक सुकाणू वाटेत तुटलेलं, आणि हे त्याने कोणाला कळू दिलं नाही. मागून ६२ वर्षांचा फ्रान्सिस जॉयाँ, तोवर दोनदा हीच रेस जिंकून बसलेल्या जुन्या बोटीवर. शेवटी बेटाला वळसा घालताना वारं पडलं, रात्र, दोघं रांगतायत, आणि म्हातारा ७ मिनिटं ८ सेकंदांनी जिंकला. त्याच रेसमधे आर्मेल ल क्लेआकची नवीकोरी बोट फ्लोट मोडून उलटली. तो आतच अडकून राहिला, आणि त्याला बाहेर काढलं कोणी? पोर्तुगालच्या मच्छीमार बोटीने. तुझी जात सगळीकडे सारखीच, दर्यात कोणी दिसलं की जाळं टाकून आधी तिकडे.

पण मला सगळ्यात पटला तो शार्ल कोद्रलिए. २०२४ मधे अल्टिममधून एकट्याने जगाची रेस, ब्रेस्टहून. हा भरपूर पुढे होता आणि केप हॉर्नच्या, म्हणजे दक्षिण अमेरिकेच्या टोकाच्या, आधी त्याने वेग पाडला, समोरचं वादळ जाऊ दिलं आणि मग गेला. रेसमधे! ५० दिवस १९ तासांत जिंकला. फुकेतच्या आधी हे वाचलं असतं तर म्हटलं असतं घाबरला. आता त्या संध्याकाळी हॅलयार्ड सोडायला गेलेला आमचा ऑस्ट्रेलियन आठवतो.

आपल्याकडे असली बोट कधी दिसेल माहीत नाही. अभिलाष टॉमी २०१२ मधे इथूनच गेटवेहून म्हादेई घेऊन निघाले आणि कुठेही न थांबता पाच महिन्यांनी परत आले, ती साधी शिशाची बोट, गोव्यात बांधलेली. ते दिवस मोजणारं प्रकरणच नव्हतं, त्याबद्दल पुन्हा कधीतरी, झोप यायला लागलीय.

आता तुझं काम. अण्णांना नीट विचारून कळव, आजोबा शीड लावून जाताना उलांडी वाऱ्याच्या बाजूला ठेवायचे की उलट, आणि वारं फिरलं की काय करायचे. वजनाला कोणाला तरी काठीवर बसवायचे का? आपल्याला शिव्या पडल्या त्या नुसत्या खोडीच्या होत्या की चुकीच्या बाजूला बसल्याच्या, हे मला गेला महिनाभर छळतंय. अण्णा सांगतील तसं रेकॉर्डच कर, मालवणीतच.

दिवाळीनंतर ये. खारं वारं दुपारी दोनला सुरू होतं, तुला प्राँग्सच्या दीपस्तंभापर्यंत नेऊन आणतो, कलणाऱ्या बोटीतून. येताना सोडे आण. पाव किलो नाही, अर्धा. मी काटा लावून बघणार आहे.

तुझा,
सच्या