काचेची पोलीस चौकी

तिबिलिसी, जॉर्जिया,
12 एप्रिल 2025

प्रिय पम्या,

तुझा मेसेज वाचला. ‘जॉर्जियाने एका झटक्यात सगळे ट्रॅफिक पोलीस घरी बसवले, मग आपल्याकडे का नाही?’ पीएसआयच्या मुलाखतीत हे ठोकून द्यायचा तुझा बेत दिसतोय. दे ठोकून, पण अर्धीच गोष्ट सांगू नकोस, म्हणून हे लांबण.

घरी बसवले हे खरंच. सोव्हिएत वळणाचा इथला ट्रॅफिक पोलीस म्हणजे चालताबोलता टोलनाका. आमच्या घरमालकीणबाईंचा नवरा टेलावीहून कलिंगडं आणायचा. काळापांढरा दांडा हलला की गाडी बाजूला, लायसन्समध्ये नोट घडी करून ठेवलेलीच. सुटे नसले तर दोन कलिंगडं. बाई हे हसत सांगतात. पोलिसाचा पगार तुटपुंजा, तोही थकलेला, आणि नोकरीच मुळी पैसे चारून मिळवलेली. ते वसूल करायचे, वर साहेबाचा हिस्सा वेगळा. कळतंय ना? ओळखीचं वाटेल तुला.

नोव्हेंबर 2003 मध्ये गुलाब क्रांती झाली, म्हणजे लोकांनी निदर्शनं करून जुनं सरकार घालवलं, साकाश्विली सत्तेवर आले आणि 2004 मध्ये त्यांनी ते खातंच मोडीत काढलं. सुमारे 16 हजार माणसं घरी. नवी भरती त्या मानाने मूठभर, पगार कित्येक पटींनी वाढवलेला, आणि वर साध्या वेशातले अधिकारी गुपचूप परीक्षा घ्यायचे. चौक्या बांधल्या त्या चक्क काचेच्या. गेल्या वर्षी आमच्या एका सीनियरने सिग्नल तोडला आणि गावाकडच्या सवयीने खिशात हात घातला. पोलिसाने नुसतं बघितलं आणि दंडाची पावती हातात ठेवली. सीनियर बिचारा आठवडाभर तेच सांगत होता!

आता उरलेली अर्धी. चिरीमिरी बंद झाली, पण पोलीस कोणाच्या हुकमात, हा प्रश्न तसाच राहिला. 2006 मध्ये सांद्रो गिर्गव्लियानी नावाच्या तरुण बँक कर्मचाऱ्याचा खून झाला, आणि शिक्षा झाली ती गृहखात्याच्याच माणसांना. त्यांना लवकर सोडूनही दिलं. 2011 मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने तपासावरच ताशेरे ओढले. त्या काळात कोर्टातून निर्दोष सुटणाऱ्यांचं प्रमाण एक टक्क्याच्याही खाली होतं, म्हणजे पोलिसांनी पकडलं की निकाल लागलाच म्हणायचा. मग सप्टेंबर 2012 मध्ये ग्लदानी तुरुंगातल्या छळाचे व्हिडिओ टीव्हीवर आले, लोक रस्त्यावर उतरले आणि ऑक्टोबरच्या निवडणुकीत साकाश्विलींचा पक्ष हरला.

नवे सत्तेवर आले, पण पोलिसांचा लगाम आपल्या हातातून कोणीच सोडला नाही. नोव्हेंबर 2024 पासून इथल्या रुस्तावेली रस्त्यावर रोज संध्याकाळी सरकारविरोधी निदर्शनं चालतात. सुरुवातीच्या रात्री तोंडं झाकलेल्या, नंबर नसलेल्या पोलिसांनी पोरांना बेदम मारलं. त्यातल्या एकावरही अजून खटला नाही. आणि रस्ता अडवल्याचा दंड 500 लारीवरून (लारी म्हणजे इथलं चलन) 5,000 वर नेलाय. कॅमेऱ्यात चेहरा ओळखून नोटीस निघते. तोडपाणी करायला समोर कोणी नसतंच. घरमालकीणबाईंची भाची असाच दंड घेऊन बसलीय. एकूण एक कागद नियमात बसतो, रीतसर.

मी रुस्तावेलीकडे फिरकत नाही, घाबरू नकोस आणि आमच्या घरीही काही बोलू नकोस. व्हिसाचा प्रश्न आहे.

मुलाखतीची तारीख कळव. काकूंना नमस्कार.

तुझा,
निल्या