टाकी उतरवण्याआधी वाच

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

गाडी चालता चालता बंद पडते, कार्ब्युरेटरच्या (इंजिनला पेट्रोल-हवेचं मिश्रण पुरवणारा भाग) वाटीत तांबूस गाळ सापडला, आणि रविवारी टाकी घरीच उतरवायचा तुझा विचार आहे, हे कळलं. जरूर उतरव. स्प्लेंडरची टाकी उतरवणं तुला जमण्यासारखं आहे, तासाभराचं काम.

त्याआधी एक तपासून बघ. गाडी बंद पडली की लगेच टाकीचं झाकण उघड. ‘फुस्स’ आवाज करून हवा आत गेली आणि गाडी चालू झाली, तर झाकणातलं हवेचं बारीक भोक बुजलंय. हवा आत येत नाही म्हणून पेट्रोल खाली उतरत नाही. ते भोक साफ केलं की काम झालं. तुला गाळ दिसलाय म्हणजे बहुधा टाकीतला गंजच असेल, तरी हे बघच.

आता जागा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये हे काम अजिबात करू नकोस. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती वर उडून जात नाही, जमिनीलगत पाण्यासारखी पसरत जाते. पार्किंगमध्ये मीटरचे बॉक्स असतात, पाण्याच्या मोटरचा स्विच असतो, आणि ती मोटर आपोआप चालू होते. तेवढी ठिणगी पुरते. उघड्या अंगणात, सावलीत, गटाराच्या झाकणापासून लांब बस. जवळ गॅस गिझर, उदबत्ती, सिगारेट काही नको. ड्राय पावडरचं अग्निशामक नसेल तर कोरड्या वाळूची बादली ठेव. पेट्रोलच्या आगीवर पाणी ओतलं तर पेट्रोल पाण्यावर तरंगत आग पसरवतं.

इंजिन पूर्ण गार होऊ दे, निदान तासभर. गाडी डबल स्टँडवर लाव आणि सगळ्यात आधी बॅटरीची मायनस वायर सोड. मायनसच आधी, कारण प्लस सोडताना पाना चुकून चासीला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, टेकला तर ठिणगी उडते. हे पेट्रोल उघडं व्हायच्या आधीच उरकायचं.

मग टाकीखालचा पेट्रोलचा कॉक (तोटी) बंद कर, कार्ब्युरेटरकडून पाईप सोड आणि त्याचं टोक डब्यात घाल. डबा पत्र्याचा किंवा खास पेट्रोलसाठीचा असावा, जमिनीवर ठेवलेला. पाण्याच्या बाटलीत पेट्रोल कधीच भरू नकोस, कुणीतरी पाणी समजून तोंडाला लावतं. कॉक ‘रिझर्व्ह’वर कर. ‘ऑन’वर ठेवलास तर रिझर्व्हचं पेट्रोल टाकीतच राहील, कारण ‘ऑन’ची नळी आत उंचावर उघडते. दहा लिटर पेट्रोलचं वजन साडेसात किलोच्या आसपास होतं. एवढं ओझं आत हेंदकाळत असताना टाकी उचलली की रंगाला ओरखडा पडतो आणि पेट्रोल अंगावर येतं. पाईप तोंडाने ओढायचा नाही. पेट्रोल फुप्फुसात गेलं तर ते फार वाईट. चुकून गिळलं गेलंच तर उलटी काढायची नाही, सरळ दवाखाना गाठायचा.

साइड कव्हर काढ, सीटचे बोल्ट सोड, सीट बाजूला ठेव. १० आणि १२ चा पाना हाताशी असू दे. टाकीच्या मागच्या टोकाचा बोल्ट काढताना नीट बघ: त्यात वॉशर, रबर आणि रबराच्या आत लोखंडी नळी असते. ही नळी हरवू नकोस. तिच्याशिवाय बोल्ट आवळला तर रबर चेपतं आणि टाकीचा पत्र्याचा कान तडकतो. सगळं निघालेल्या क्रमाने एका ताटलीत मांडून ठेव.

टाकी लगेच वर ओढू नकोस, इथेच बहुतेकजण चुकतात. मागून चार बोटं उचल आणि खाली हात घालून पेट्रोल काट्याच्या वायरचा कपलर (प्लास्टिकचा जोड) सोड. वायर ओढायची नाही, कपलरची खिट्टी दाबायची. कॉकवरचा पाईप कडक झाला असेल तर तोही ओढू नकोस, आधी गोल फिरवून सैल कर. तरी निघत नसेल तर ब्लेडने लांबीत चिरून टाक. पाईप स्वस्त आहे, कॉकची नळी तुटली तर महागात पडेल. टाकी पुढच्या बाजूला चासीवरच्या दोन गोल रबरांत बसलेली असते. म्हणून डावीउजवीकडे हलवत सरळ मागे घ्यायची आणि सुटली की मगच उचलायची. जुन्या गोधडीवर ठेव.

आणि आता सर्वांत महत्त्वाचं. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची. हवेत पेट्रोलची वाफ साधारण दीड ते साडेसात टक्के असली की ती पेट घेते. पेट्रोल काढल्यावर आत हवा शिरते आणि तळाच्या थेंबांची वाफ तिच्यात मिसळत राहते. ही वाफ बंद टाकीत पेटली की स्फोट होतो. त्यामुळे आत बघायला लायटर नाही, हेअर ड्रायरने वाळवणं नाही. भोक सापडलं तर वेल्डिंगवाल्याकडे थेट नेऊ नकोस. तो म्हणाला ‘रिकामीच आहे, चालतंय’, तरी नाही. त्यापेक्षा दुसरी टाकी घे.

बसवताना पुढच्या रबरांना साबणाचं पाणी लाव, ऑइल नको, ऑइलने रबर फुगतं. टाकी आत सरकवताना क्लच आणि ॲक्सिलरेटरची केबल खाली चिमटत नाही ना बघ. अर्धा लिटर पेट्रोल घाल, कॉक उघड, खाली कोरडा कागद ठेवून दहा मिनिटं थांब. कागद कोरडा राहिला तरच बॅटरी जोड. गाडी चालू करून हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळव. इंजिनचा आवाज वाढला तर केबल अडकली आहे, टाकी परत काढ.

पेट्रोल लागलेली फडकी कचऱ्याच्या डब्यात कोंबू नकोस, बाहेर पसरून वाळव. गाळाचं पेट्रोल गटारात ओतू नकोस, झाकणाच्या डब्यात गॅरेजवाल्याकडे दे.

तुझ्या मैत्रिणीची गाडी २०२० नंतरची, फ्युएल इंजेक्शनवाली आहे. तिला ही पद्धत चालणार नाही. त्या टाकीत पंप असतो आणि पाईपमध्ये तीन बारच्या आसपास दाब. पाईप सोडला की पेट्रोल पिचकारीसारखं डोळ्यांत उडतं. तुझं बघून तिने हात घालू नये, एवढं तिला सांग.

मागच्या बोल्टची रबरं चिरलेली दिसली तर फोटो पाठव, मी इथून नवीन घेऊन ठेवतो.

तुझे,
बाबा