वसंतात माणसं नकोत म्हणतेस, पण ऐक

मनू,

तुझा मेसेज वाचला होता, उत्तर द्यायला हात मोकळे नव्हते म्हणून राहिलं. तू म्हणतेस आई तू दमतेस, वसंतात आपल्या शेतावर शिकायला येणाऱ्यांना घेऊच नकोस, कामं कमी असतात तेव्हा बोलव म्हणजे निवांत शिकवता येईल. बाबांना लगेच पटलं, त्यांना कायम तुझंच पटतं. मला नाही पटलेलं, आणि फोनवर आपण दोघी एकदम बोलतो म्हणून लिहूनच टाकते.

निवांत असताना दाखवू काय गं? कुंपण, अवजारं आणि माझी बडबड? शिकण्यासारखं जे आहे ते सगळं याच दिवसांत एकदम अंगावर येतं. शेळ्या व्यायला लागल्यात, दोन कोंबड्या खुडूक बसल्यात, ट्रेमधली रोपं बाहेर यायला बघतायत, तण तर त्यांच्याही आधी वर आलंय, आणि यातलं कुणी कॅलेंडर बघून चालत नाही.

परवा रात्रीचंच सांगते. काळी शेळीचे गाभणपणाचे दीडशे दिवस भरत आले होते. संध्याकाळी शेपटीच्या बुडाशी हात लावला तर दोन्ही बाजूंच्या शिरा, ज्या एरवी पेन्सिलीसारख्या टणक लागतात, त्या हाताला लागेचनात, कास तटतटलेली, म्हणजे आजच. सध्या एक मुलगा आलाय, कॉम्प्युटरवर काम करणारा, सगळं वहीत लिहून घेतो. त्याला बादली पालथी घालून बसवला आणि सांगितलं, हात लावायचा नाही, नुसतं बघायचं आणि वेळ लिहायची. तर दर दोन मिनिटांनी, काकू आता काही करायचं का? नाही. आता? नाही रे बाबा. मग पाण्याची पिशवी दिसली, मग पुढचे दोन खूर आणि त्यांच्यावर टेकलेलं नाक, टॉर्च धरून दाखवलं त्याला, की खुरांचे तळवे खाली आणि नाक वर असं दिसलं की सरळ आहे, आपण गप्प बसायचं. अर्धा तास जोरात कळा देऊनही पुढे सरकत नसेल तरच हात घालायची वेळ. तशी वेळ आली नाही. पहिलं करडू आलं, त्या मुलाने त्याच्या नाकातोंडातला चिकटा पुसला, नाळ आयोडीनमध्ये बुडवली, तोवर दुसरं.

दुसरं जरा मलूल होतं, सडाला तोंडच लावेना. आता चिकाचं, म्हणजे व्याल्यानंतरच्या पहिल्या दुधाचं, तुला माहितीय, करडाला पोटात असताना आईकडून रोगाशी लढायची ताकद मिळत नाही, मिळते ती सगळी चिकातून, आणि ती आतड्यातून रक्तात जायची सोय तासातासाने कमी होत जाते, दिवस उलटला की बंदच. म्हणून पहिल्या तासाभरात पोटात गेलेला बरा. म्हटलं काढ चीक. जन्मात धार काढलेली नाही त्याने! सडाच्या टोकाला बूच असतं ते आधी पिळून काढावं लागतं हेही माहीत नाही. पिवळाधमक घट्ट चीक थेंब थेंब वाटीत पडत होता, शेळी लाथ मारत होती, तो शेळीलाच सॉरी म्हणत होता. मी मध्ये पडले असते तर पाच मिनिटांत उरकलं असतं. नाही पडले. शेवटी बाटलीने पाजलं, वार, म्हणजे व्याल्यावर मागून पडणारी पिशवी, आपोआप पडायची वाट बघायची, ओढायची नाही, हे तीनदा बजावलं आणि मी जाऊन झोपले.

तुझा मुद्दा हाच ना, की एकटीने केलं असतं तर लवकर झालं असतं? त्या रात्री हो. पण आता सकाळी तो माझ्याआधी गोठ्यात असतो, करडांची पोटं चाचपून कुठलं पिलंय आणि कुठलं उपाशी आहे ते बरोब्बर सांगतो, आणि मी सहापर्यंत झोपते. कामं नसलेल्या दिवसांत येऊन हे त्याला कुठून आलं असतं?

शिकायला आलेल्या बाकीच्यांना जमीन खणायची घाई. उत्साह बघवत नाही, पण पाऊस होऊन गेलाय, वाफसा नाही, म्हणजे माती खणण्याइतकी सुकलेली नाही. मूठभर माती दाबायला लावली, गोळा झाला, अंगठ्याने टोचला तर फुटेचना, नुसता खड्डा पडला. म्हटलं अशा मातीत कुदळ घातलीत तर ढेकळं वाळून दगड होतील आणि सगळा सीझन ती फोडत बसू. मग त्यांना कंपोस्ट परतायला धाडलं. ढिगाच्या पोटात थर्मामीटर साठ अंशांच्या वर गेलेला, एकाने विश्वास बसेना म्हणून हात घातला आणि ओरडला! रोपांचं हार्डनिंग, म्हणजे त्यांना बाहेरच्या हवेची सवय लावणं, तेही चालूच आहे, दिवसा बाहेर, रात्री आत, आठवडाभर ट्रे उचलून सगळे वैतागलेत. वैतागू देत. एक रात्र बाहेर विसरली आणि गारठा पडला की कळतं. कोंबडीच्या पिल्लांचं सोपं आहे, बल्बखाली गठ्ठा करून बसली की थंडी वाजतेय, कडेला पळाली की उकडतंय, हे लहान मुलालाही समजतं.

आणि ही काही माझी टूम नाही. १९७१ साली इंग्लंडमध्ये सू कॉपर्ड नावाच्या, लंडनमध्ये सेक्रेटरीचं काम करणाऱ्या बाईंनी शनिवार-रविवार शेतावर जाऊन राबायची कल्पना काढली, त्यातूनच ते वूफ, म्हणजे शेतावर राबून शिकायची चळवळ, जगभर पसरलं. तिथेही माणसं राबायलाच जायची, फेरफटका मारायला नाही.

पण तुझं एक मान्य. माणसं कमी घ्यायची. व्यायच्या दिवसांत एका वेळी दोघं-तिघं, त्याहून जास्त नकोत, आणि एका दिवसात बघून जाणारे ग्रुप तर अजिबात नकोत, शेळ्या बिथरतात आणि मी त्याहून जास्त. म्हणजे नवा फॉर्म करावा लागेल, तो तू कर. त्यात स्वच्छ लिही की रात्रीचं उठावं लागेल. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं हवं. गरोदर बायकांनी या दिवसांत शेळ्यांच्या जवळपास यायचं नाही, वार आणि व्यायच्या वेळच्या पाण्यातून होणारे काही आजार बाळाला धोक्याचे असतात, वाईट वाटलं तरी स्पष्टच लिही. आणि जनावरांना हात लावल्यावर साबणाने धुवायचे, सॅनिटायझर चोळून भागत नाही, सगळे जंतू त्याने मरत नाहीत. मागच्या खेपेला सगळे ती बाटली खिशात घेऊन फिरत होते.

मधमाश्यांच्या पोळ्याचं काय करायचं ते मात्र तू येशील तेव्हा ठरवू, राणीची नवी घरं दिसायला लागलीत, थवा उठायच्या आत पेटी वेगळी करायला हवी, आणि ते काम मी नवख्यांच्या हाती देणार नाही, बाबांच्याही नाही.

फॉर्म या आठवड्यात पाठव. आणि येताना गमबूट घेऊन ये, इथले तुझे कुणीतरी घालून फिरतंय.

आई